कॅनरीच्या डोक्यातील नवी पेशी

शाळेत शरीरशास्त्राचा धडा शिकविताना एक वाक्य मी वर्षानुवर्षे मोठ्या ठसक्यात सांगत आलो: हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते, पण मेंदूतील पेशी एकदा गेली की गेली! मुले गंभीर होत आणि आपण काही ज्ञान दिले, असे समाधान मला वाटे. मी पडलो मॅट्रिक. मास्तरांनी सांगितले ते पुढे सांगितले. पुढे माग काढू लागलो, तो थेट स्पेनच्या रामोन इ काहाल यांच्यापर्यंत पोचला. प्रौढ मेंदूत नवे काही उपजत नाही, असे त्यांनी १९१३–१४च्या ग्रंथात लिहिले. आणि एवढ्या थोर माणसाचे मत, मग त्याचा सिद्धान्त व्हायला वेळ किती लागणार?

अमेरिकेत जोसेफ ऑल्टमन यांनी १९६२ पासून, आणि १९६५ साली गोपाल दास यांच्यासह, प्रौढ उंदरांच्या मेंदूत नव्या मज्जापेशी दाखविल्या. त्यांना कोणी नीट खोडूनही काढले नाही. नुसते बाजूला ठेवले. मला वाटते, विद्वानाला यापेक्षा मोठी शिक्षा नसेल.

सिद्धान्ताला खरा हादरा दिला तो एका पिवळ्या पाखराने. ब्यूनोस आयरेसला जन्मलेले फर्नांडो नॉटेबोम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कॅनरीचे गाणे अभ्यासीत होते. नर कॅनरी वसंतात गातो, मग त्याचे गाणे विसकटते आणि पुढच्या हंगामापर्यंत तो नव्या जागा घेतो. गाण्याचे जे केंद्र मेंदूत असते, ते वसंतात शरदातल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट भरते, असे त्यांनी १९८१ साली मोजून दाखविले. ही भर येते कुठून?

१९८३ साली स्टीव्हन गोल्डमन यांच्यासह त्यांनी युक्ती केली. पेशी दुभंगताना नवे जनुकद्रव्य बनते. त्यातच शिरेल असा किरणोत्सर्गी थायमिडिन त्यांनी प्रौढ माद्यांना टोचला. काहींना टेस्टोस्टेरॉनही दिले, कारण त्याने मादीही गाऊ लागते. दुसऱ्या दिवशी खुणेच्या पेशी सापडल्या त्या मेंदूतील द्रवाच्या पोकळीच्या काठाशी. महिन्याने पाहावे तो त्या गाण्याच्या केंद्रात मज्जापेशी होऊन बसलेल्या! मौज अशी की, संप्रेरक न दिलेल्या माद्यांतही त्या होत्या. अर्थात हे पाहायला पाखरांचे प्राण घ्यावे लागले. ते लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. पुढच्याच वर्षी या पेशी आवाजाला प्रतिसाद देतात, असेही दिसले.

मग संप्रेरक करते काय? १९८२ साली डुकराच्या मेंदूतून एक प्रथिन वेगळे काढले होते. त्याला बीडीएनएफ म्हणतात. टेस्टोस्टेरॉनने कॅनरीच्या त्या केंद्रात हे प्रथिन वाढते आणि आलेल्या नव्या पेशींना ते जगविते, हे १९९९ साली सिद्ध झाले. प्रथिनालाच प्रतिद्रव्याने अडविले, की संप्रेरकाचा हा गुण जातो. २००२ साली आणखी एक दुवा मिळाला: संप्रेरकाने आधी रक्तवाहिन्यांची वाढ करणारे दुसरे प्रथिन वाढते, आणि मग त्या वाहिन्यांचे अस्तरच बीडीएनएफ पुरवू लागते. म्हणजे नवजात पेशीचे पालनपोषण शेजारची रक्तवाहिनी करते!

माणसाचे काय? १९९८ साली 'होय' असे उत्तर आले. २०१८ साली एका चमूने 'प्रौढांत नाही' म्हटले, तर त्याच वर्षी दुसऱ्याने 'म्हातारपणीसुद्धा आहे' म्हटले. ते भांडण मिटलेले नाही. माझे वाक्य मात्र मी वहीतून खोडले. मागच्या वर्गाला ते सांगून झाले होते. त्यांतली काही मुले आता स्वतःच मास्तर झाली आहेत.