ठाणेदार कसा निघते तं पाहू

परवा मेहकरहून मामांचा फोन आला. पाऊस, सोयाबीन, मुलांच्या परीक्षा झाल्या आणि मग म्हणाले, "नवा ठानेदार आला म्हन्ते. पाहू कसा निघते तं."

फोन ठेवला, पण 'कसा निघते' डोक्यात अडकलं. कलिंगडाबद्दल बोलावं तसं! विकत घेऊन झालंय, आता कापल्यावर कळेल. फरक एवढाच की कलिंगड निदान आपण ठोकून तरी बघतो. ठाणेदार (विदर्भात ठाण्याच्या प्रमुखाला ठाणेदारच म्हणतात) कोण, हे बुलढाण्याहून ठरतं. गावाने शाल-श्रीफळ द्यायचं आणि शांतता समितीच्या बैठकीला जायचं.

गावाला कधी विचारलं जायचं का? शनिवार त्यातच गेला.

अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांपैकी एक मेहकर होतं. आजच्या भाषेत जिल्ह्याचं ठिकाण म्हणा. सरकारातला बंदोबस्त फौजदार बघायचा, मोठ्या शहरात कोतवाल असायचा. नेमणूक अर्थातच वरून, लोकांना कोण विचारतो! पण 'ऐन-ए-अकबरी'त कोतवालाच्या कामांची जी यादी आहे, त्यात एक मजेशीर कलम आहे: चोर आणि चोरीचा माल शोधून काढ, नाहीतर नुकसानीला तू जबाबदार. प्रत्यक्षात किती कोतवालांनी खिशातून पैसे भरले असतील याबद्दल मला दाट शंका आहे. तरी अपेक्षा लिहून ठेवलेली होती, हे महत्त्वाचं.

मराठी मुलखातल्या खेड्यात हेच काम पाटलाकडे होतं, मदतीला जागल्या. चोरी झाली की जागल्या पावलांचा माग काढत निघायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन दाखवला की जबाबदारी त्या गावाची. माग आपल्याच शिवेत हरवला तर भरपाई आपल्या गावावर. आमच्या ऑफिसात बग दुसऱ्या टीमच्या नावावर ढकलतात, त्याचा हा मूळपुरुष :) फक्त इथे पुरावा दाखवल्याशिवाय ढकलता येत नसे.

म्हणून काही ते रामराज्य नव्हतं. पाटीलकी वंशपरंपरेची. पाटीलच चोराला सामील असेल तर तक्रार कुणाकडे करणार? आणि रात्रभर जागणाऱ्या जागल्याची जात आणि वाड्यात झोपणाऱ्या पाटलाची जात वेगळी, हे विसरून चालणार नाही.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढे १८६१ चा पोलीस कायदा आला. त्यातला पोलीस वर उत्तर देणारा होता: शिपाई अधीक्षकाला, अधीक्षक जिल्हा मॅजिस्ट्रेटला. खाली, म्हणजे गावाला, उत्तर देण्याची सोयच नव्हती. १८५७ नंतरचं सरकार, त्याला गावाची मर्जी नको होती, ताबा हवा होता.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने वतनी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने मोडली आणि १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने आजचा पोलीस पाटील आणला. तो गावचाच रहिवासी असावा लागतो, आणि परीक्षा-मुलाखत देऊन येतो. चांगलाच बदल. पण ठाण्याचा साचा बराचसा जुनाच राहिला.

मग अमेरिकेतल्या शेरीफसारखी निवडणूक घ्यावी का? इंग्लंड-वेल्सने २०१२ मध्ये पोलीस आयुक्त निवडून आणायला सुरुवात केली. पहिल्या वेळी मतदान जेमतेम १५ टक्के. २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ही पदंच बंद करायचं जाहीर केलं. आणि आपल्याकडे ठाणेदारकीची निवडणूक म्हणजे... बॅनरवर किती फोटो असतील याची कल्पना करा.

मला जास्त पटतं ते भिवंडीचं उदाहरण. १९८४ च्या दंगलीत होरपळलेलं शहर. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून गेले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान आणि बीटचा पोलीस नियमित एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. खोपड्यांनाही भिवंडीने निवडलं नव्हतंच. पण गावाला रोज बोलायला जागा मिळाली.

म्हणजे मुद्दा निवडीचा कमी आणि उत्तर देण्याचा जास्त. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात ठाणेदाराला किमान दोन वर्षं द्या आणि जिल्ह्याजिल्ह्यात तक्रार प्राधिकरण नेमा, असं सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलला. दोन वर्षं घातली, पण मुदतीआधी बदलीच्या पळवाटाही ठेवल्या. प्राधिकरण ठेवलं ते जिल्ह्यात नाही, महसूल विभागात. म्हणजे मेहकरच्या माणसाने अमरावती गाठायची. जागल्या माग काढत इतका लांब कधी गेला नसेल.

मामांना हे सगळं फोनवर ऐकवलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्याले काय पाह्यजे? रपट लिहून घेतली पाह्यजे, अन् मानूस पाहून आवाज बदलला नाही पाह्यजे."

साडेचारशे वर्षांच्या इतिहासावर एका वाक्यात पाणी! पण अपेक्षापत्र लिहायचं झालं तर मी याहून जास्त काही लिहिणार नाही.

असो. उद्या सोमवार.