हलती खेळणी : प्राथमिक शाळेतील रचना आणि निर्मिती

कॅम, तरफ, कप्पी, दंतचक्र, चाक आणि आस अशा साध्या यंत्रणांवर चालणारी खेळणी मुलांनी स्वतः कल्पून, आखून आणि हाताने बनवून पूर्ण करण्याचा शालेय उपक्रम. साधारण 5 ते 11 या वयातील मुलांसाठी तो राबवला जातो. तयार सुटे भाग सूचनेबरहुकूम जोडणे म्हणजे हा उपक्रम नव्हे. खेळण्यात काय हलावे, कसे हलावे आणि ते कोणासाठी बनवायचे, हे मुलाने ठरवायचे असते. मग त्या हालचालीकडून मागे येत यंत्रणा शोधायची. सगळे शिक्षण या उलट्या प्रवासात आहे.

या प्रकारातले सर्वांत परिचित खेळणे म्हणजे कॅमचे खोके. बुटाच्या खोक्याच्या दोन समोरासमोरच्या भिंतींना भोके पाडून बांबूची काडी आरपार घातली, की आस तयार होते. आसावर पुठ्ठ्याची चकती बसवायची, पण भोक चकतीच्या मध्यावर न ठेवता बाजूला घ्यायचे; ही चकती म्हणजेच कॅम. खोक्याच्या छतातून एक उभी काडी खाली येते, तिच्या टोकाला दुसरी लहान चकती असते आणि ती कॅमवर टेकते. आसाच्या टोकाची मूठ फिरवली की उभी काडी वरखाली होते आणि छतावरचा बेडूक उड्या मारू लागतो. चकतीचा व्यास 6 सेंटिमीटर आणि भोक मध्यापासून 1 सेंटिमीटर दूर असेल, तर बेडूक बरोबर 2 सेंटिमीटर उचलला जातो; कारण भोकापासून चकतीची कडा एका बाजूला 4, तर दुसऱ्या बाजूला 2 सेंटिमीटर असते. चौथीतल्या मुलाला हे पट्टीने मोजून पडताळता येते. बेडकाला आणखी उंच उडवायचे तर भोक किती सरकवावे, हा प्रश्न मग त्याचा त्यालाच पडतो.

कॅमचा आकार बदलला की हालचालीचा स्वभाव बदलतो. बाजूला भोक असलेली गोल चकती संथ लय देते. पेरूसारखा एका बाजूला निमुळता कॅम बराच वेळ काहीच करत नाही आणि मग एकदम उचलून खाली सोडतो. गोगलगाईच्या शंखासारखा वळत गेलेला कॅम काडीला हळूहळू वर नेतो आणि पायरीवरून धपकन खाली टाकतो. हातोडा मारणाऱ्या लोहारासाठी तो उत्तम. मात्र मूठ उलटी फिरवली तर काडी त्या पायरीला अडते आणि खेळणे बंद पडते. कॅम उभ्या काडीखाली नेमका मध्यावर न ठेवता जरा बाजूला सरकवला, तर काडी उचलली जातेच, शिवाय स्वतःभोवती फिरतेही. एक नर्तकी एवढ्यानेच तयार होते.

बहुतेक खेळणी पहिल्या फेरीत अडकतात. उभी काडी कलते, कॅम तिच्या बाजूने निसटतो, नाहीतर आसावर चकती घट्ट न बसल्याने मूठ नुसतीच फिरते. छताच्या भोकात चिकटवलेली स्ट्रॉ लांब केली तर काडी सरळ राहते. खालची चकती मोठी केली तर कॅम निसटत नाही. घर्षण, आधार, समतोल हे शब्द मुलाला इथे व्याख्येच्या आधी भेटतात. अनुभवी शिक्षक या क्षणी खेळणे स्वतः दुरुस्त करून देत नाही. मूठ सावकाश फिरवायला लावून तो विचारतो, नेमके कुठे अडते ते दाखव.

प्राथमिक अभ्यासक्रमात या विषयाला सर्वांत ठोस जागा मिळाली ती इंग्लंडमध्ये. 1990 पासून तिथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात रचना व तंत्रज्ञान हा विषय सक्तीचा झाला. 1998 मध्ये आलेल्या शासकीय नमुना घटकांत पाचव्या इयत्तेसाठी, म्हणजे 9 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी, हलत्या खेळण्यांचा स्वतंत्र घटक होता आणि त्याचा गाभा कॅम हाच होता. त्याआधीच्या इयत्तांमध्ये हलती चित्रे, चाकाची वाहने आणि दोरा गुंडाळून वस्तू वर खेचणारे रहाट असे घटक येत. सहावीत जत्रेतले पाळणे बनवायचे. अध्यापनाचा क्रमही ठरलेला होता. आधी तयार खेळणी हाताळून, उघडून, जोडून पाहायची. मग कापणे, भोक पाडणे, आस बसवणे अशी सुटी कौशल्ये घोटायची. आणि शेवटी स्वतःची रचना करायची. 2014 पासून लागू असलेल्या अभ्यासक्रमातही लहान मुलांसाठी तरफ, सरकपट्टी, चाक आणि आस, तर मोठ्यांसाठी दंतचक्रे, कप्प्या, कॅम आणि जोडतरफा यांचा उल्लेख आहे.

वर्गातल्या तंत्रांपैकी एकाची दखल घ्यायलाच हवी. चौकोनी छेदाच्या बारीक लाकडी पट्ट्या करवतीने कापून त्यांची चौकट करायची आणि प्रत्येक कोपऱ्यावर पुठ्ठ्याचा त्रिकोण चिकटवायचा. खाचा नाहीत, खिळे नाहीत, तरी चौकट भक्कम होते आणि आठ वर्षांचे मूलही ती करू शकते. डेव्हिड जिंक्स यांच्या नावाने ओळखली जाणारी ही चौकट ब्रिटिश प्राथमिक शाळांत सर्वत्र पोहोचली. खोके पुठ्ठ्याचे असते तेव्हा यंत्रणा आत लपते. उघड्या चौकटीत ती दिसत राहते आणि बिघाड कुठे आहे हेही दिसते.

ब्रिटनमध्ये या वर्गकामाला कलेच्या क्षेत्राचीही जोड मिळाली. स्यू जॅक्सन यांनी 1979 मध्ये कॉर्नवॉलमधील फाल्मथ गावी सुरू केलेले दुकान पुढे कॅबरे मेकॅनिकल थिएटर म्हणून प्रसिद्ध झाले आणि 1984 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये आले. पॉल स्पूनर, पीटर मार्की, रॉन फुलर, कीथ न्यूस्टेड यांची लाकडी यंत्रशिल्पे तिथे बटण दाबून किंवा मूठ फिरवून पाहता येत. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयाने पुठ्ठ्याचे हलते शिल्प हा उपक्रम मुलांसाठी लोकप्रिय केला.

हाताच्या कामातून शिकण्याचा विचार अर्थात याहून जुना आहे. फिनलंडमध्ये उनो सिग्नेयस यांच्या प्रयत्नांनी 1866 मध्ये हस्तकला शालेय विषय झाली. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमने उत्पादक हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या मध्यभागी आणले. तिथे मुलाच्या हाती सूत, शेती, लाकूडकाम होते, खेळणे नव्हते. भारतीय उपखंडात हलते खेळणे मात्र फार प्राचीन. मोहेंजोदडोच्या उत्खननात मान हलवणारा मातीचा बैल मिळाला आहे. प्रवरा नदीकाठच्या दायमाबादला 1974 मध्ये सापडलेल्या काशाच्या वस्तूंत बैल जुंपलेला रथ आणि चाकांवर उभे केलेले प्राणी आहेत, जरी ती मुलांची खेळणीच होती असे म्हणता येत नाही. भोज राजाच्या समरांगणसूत्रधार या ग्रंथात यंत्रांवर एक संपूर्ण अध्याय आहे.

आधुनिक काळात या परंपरेला शाळेशी जोडण्याचे मोठे काम अरविंद गुप्ता यांनी केले. पुण्यात टेल्कोत अभियंता असताना 1978 मध्ये त्यांनी रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम केले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी आकृत्यांचा संच घडवला. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन मात्र लगेच तिरका होतो, हे मुलाच्या बोटांना त्यातून कळते. लाकडी चौकटीला पुठ्ठ्याचा त्रिकोण का लावायचा याचे उत्तरही हेच. पुढे पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी बनवली आणि ती पुस्तकांतून, चित्रफितींतून, अनेक भाषांत सर्वांसाठी खुली केली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील सुदर्शन खन्ना यांनी जत्रेतल्या कारागिरांची भिंगऱ्या, शिट्ट्या, टकटक वाजणाऱ्या गाड्या यांची रचना अभ्यासून पुस्तकांत उतरवली. अशी गाडी ओढली की चाकाबरोबर फिरणारा भाग काड्या उचलून सोडतो आणि त्या मातीच्या वाटीवर ताणलेल्या कागदावर आपटतात. गोगलगाईच्या कॅमचे तत्त्व जत्रेत काही रुपयांत मिळते, ते असे.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने महाराष्ट्रातील उच्च प्राथमिक वयाच्या मुलांसोबत रचना व तंत्रज्ञानाचे घटक करून पाहिले. पुस्तकांची पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की आणि बाहुल्या या वस्तू मुलांनी गटात आखल्या आणि बनवल्या; आराखडे काढणे, साहित्याची यादी करणे आणि दुसऱ्या गटाच्या कामाचे मूल्यमापन करणे हे त्याचे भाग होते. प्राथमिक वर्गांना ही पद्धत सहज लागू पडते.

आराखडा हा या उपक्रमातला सर्वांत अवघड टप्पा. मुले आधी बेडूक रंगवतात, कमळ काढतात, आतली यंत्रणा मात्र कागदावर येत नाही. त्यासाठी खोके समोरून उघडे आहे असे मानून चित्र काढायला लावणे आणि प्रत्यक्ष मापाच्या पुठ्ठ्याच्या चकत्या टाचणीने जाड पुठ्ठ्यावर टोचून फिरवून पाहणे, हे उपाय चांगले चालतात. पूर्ण आराखडा झाल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम इथे जाच ठरतो. मूल बनवता बनवता ठरवत असते.

या शिक्षणावर एक रास्त आक्षेप आहे. शिक्षकाने खोके, कॅम आणि मापे सगळी आधीच ठरवून दिली, तर तीस मुलांची तीस खेळणी एकसारखी होतात, फक्त वरचे चित्र वेगळे. वेळ कमी आणि वर्ग मोठा असेल तेव्हा हे घडतेच. दोन-तीन प्रकारचे कॅम हाताळायला ठेवून निवड मुलांवर सोपवली, तर फरक पडतो. साहित्यही आवाक्यातले आहे: जाड पुठ्ठा, बांबूच्या काड्या, स्ट्रॉ, रिकामी रिळे, सुतळी, फेविकॉल. दाभणाने भोक पाडण्याचे काम लहान वर्गांत शिक्षकाने करावे. करवत वापरायची तर लाकूड ओट्यावर घट्ट अडवणारी फळी हवी. तयार खेळणी पहिली-दुसरीच्या मुलांना खेळायला दिली जातात. ही मुले मूठ जोरात फिरवतात, उलटी फिरवतात, खेळणे टेबलावरून पाडतात, आणि बनवणाऱ्याला कोणता सांधा पुन्हा करायचा ते त्याच दिवशी समजते.