घाटावरचे सोयाबीन, कोकणचे ताट

तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्ग सोडून वैभववाडीच्या वाटेला लागले की रस्ता करूळ घाट चढून गगनबावड्याला आणि पुढे कोल्हापूरला जातो. त्या वरच्या मुलखापासून थेट मराठवाडा-विदर्भापर्यंत पावसाळ्यात सोयाबीन डोलते. घाटाखाली ते क्वचितच दिसते. साचलेले पाणी या पिकाला सोसत नाही, आणि आपली खाचरे तर पाण्यानेच भरायची. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आपण कुळीथ पेरतो. त्यामुळे सोयाबीन आपल्या घरात शिरले ते वाण्याकडच्या वड्यांच्या पुडीतून. शेतात न पाहिलेल्या अन्नाबद्दल शंका वाटणारच. वाचकांनी ती खुशाल सोबत आणावी.

हे कुतूहल तसे जुने आहे. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन आहारात घेऊन पाहिले आणि 'हरिजन'मधून त्याविषयी लिहिले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे अनेक वाण दिले. या अभ्यासाला मराठी मातीतही मुळे आहेत, याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नसावी.

शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, सोयाबीनच्या दाण्यात ३६ ते ४०, आणि तेल काढलेल्या पिठाच्या सुक्या वड्यांत पन्नाशीच्या आसपास. भाताच्या प्रथिनांत लायसीन कमी पडते, ते सोयाबीनमध्ये भरपूर आहे. कुळथाची पिठीही हेच काम करते, आणि रोज बांगडा खाणाऱ्याला वड्यांची फारशी गरज नाही. पण जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि पाठोपाठ श्रावण येतो, तेव्हा तुमच्या ताटात वड्यांना जागा आहे.

फायद्याचे दावे वाचताना साल पाहण्याची सवय ठेवा. १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिवसाला २५ ग्रॅम सोयाप्रथिने आणि हृदयरोगाचा कमी धोका यांची सांगड घालू दिली. पन्नासेक ग्रॅम सुक्या वड्यांत एवढी प्रथिने मिळतात. २००६ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने पुरावा पुन्हा तपासला, तर २५च्या दुप्पट प्रथिने घेऊनही वाईट कोलेस्टेरॉल जेमतेम ३ टक्के उतरत होते. २०१७ मध्ये प्रशासनानेच तो दावा मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. माझ्या मते खरा लाभ चरबीयुक्त मटणाच्या जागी सोयाबीन आले तर होतो. मटणाच्या जोडीला वड्याही खाल्ल्या, तर तो शोधावा लागेल.

भीतीचेही तसेच. आयसोफ्लेवोन या इस्ट्रोजेनसदृश घटकांमुळे पुरुषांचे संप्रेरक बिघडते, ही समजूत नेहमीच्या प्रमाणात खाणाऱ्यांवरील चाचण्यांत टिकली नाही. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या शांघायमधील स्त्रियांच्या २००९ च्या अभ्यासात तर सोयाबीन खाणाऱ्यांत आजार उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. मात्र आयसोफ्लेवोनच्या गोळ्यांना हा निष्कर्ष लावू नये.

खरी सावधगिरी साध्या ठिकाणी लागते. कच्च्या दाण्यातील ट्रिप्सिनरोधक पचन अडवतो, म्हणून दाणे भिजवून पूर्ण शिजवावेत. सोयाबीनची ॲलर्जी असेल, तर ते टाळावेच. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. सकाळी थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सोयाबीन न्याहारीला न घेता दुपारच्या जेवणात घ्यावे, कारण ते गोळीचे शोषण कमी करते. घरात अशी गोळी चालू असेल, तर तुम्ही या पुस्तकातले थायरॉइडचे प्रकरण आधी उघडा. बाकीची क्रमाने वाचली तरी चालतील.