सुपर बोल जिंकणाऱ्या चीफ्सचा ऑफेन्स २०२३ मध्ये का अडखळला होता?

२५ डिसेंबर २०२३. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात ऐन नाताळच्या दिवशी चीफ्स आणि लास व्हेगस रेडर्स यांचा सामना होता. रेडर्सच्या क्वार्टरबॅकला पहिल्या क्वार्टरनंतर एकही पास पूर्ण करता आला नाही. तरीही रेडर्स २०-१४ असे जिंकले. त्यांचे दोन टचडाऊन अवघ्या सात सेकंदांच्या अंतराने झाले आणि दोन्ही वेळा चेंडू चीफ्सच्याच हातून निसटला होता. एकदा तो मैदानावर सांडला आणि एकदा पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला.

गतविजेत्या चीफ्सचा त्या हंगामातला हा सहावा पराभव होता. या संघाच्या ऑफेन्सला झालंय तरी काय, यावर चाहत्यांमध्ये सप्टेंबरपासूनच वाद सुरू होता. त्या संध्याकाळी तो टोकाला गेला. कोणी खेळाडूंना धारेवर धरलं, कोणी प्रशिक्षकांना, तर काहींनी थेट टेलर स्विफ्टला.

यातली कोणती कारणं खरी होती?

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकन फुटबॉलमध्ये एकाच संघाचे दोन वेगळे ताफे असतात. चेंडू आपल्याकडे असताना ऑफेन्सचे ११ खेळाडू मैदानात उतरतात आणि प्रतिस्पर्ध्याकडे असताना डिफेन्सचे ११. ऑफेन्सला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावं लागतं. जमलं की आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू जातो. क्वार्टरबॅक पास फेकतो आणि रिसीव्हर तो झेलतो. आपल्याकडे क्रिकेटमध्ये झेल सुटला की फलंदाजाला जीवदान मिळतं. इथे झेल सुटला की चारपैकी एक प्रयत्न वाया जातो. चेंडू हातावरून उडून प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तर सगळंच जातं. त्याला इंटरसेप्शन म्हणतात.

चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स. २०१८ पासून तो नियमित खेळू लागला आणि पुढचे पाच हंगाम चीफ्स गुण मिळवण्यात लीगच्या ३२ संघांमध्ये कायम पहिल्या सहांत राहिले. २०२२ मध्ये तर ते पहिले होते. १७ सामन्यांत ४९६ गुण, म्हणजे सामन्यामागे २९.२. २०२३ मध्ये हाच आकडा ३७१ वर आला, सरासरी २१.८ झाली आणि क्रमांक १५ वा.

तेव्हा चाहत्यांची तक्रार नुसती कुरकुर नव्हती. घसरण खरीच होती. ऑक्टोबरअखेरपासून डेन्व्हर, मायामी आणि फिलाडेल्फियाविरुद्धच्या सलग तीन सामन्यांत चीफ्सला दुसऱ्या हाफमध्ये एकही गुण मिळाला नाही.

स्विफ्टचा 'पायगुण'

हे प्रकरण आधी निकाली काढू. चीफ्सचा ट्रॅव्हिस केल्सी आणि गायिका टेलर स्विफ्ट यांचं नातं २४ सप्टेंबरला जगजाहीर झालं. त्या दिवशी ती स्टेडियममध्ये होती आणि चीफ्सने शिकागो बेअर्सला ४१-१० असं हरवलं. पुढे संघ हरू लागला, तसा तिच्या पायगुणाचा शोध लागला. सहा पराभवांपैकी पहिल्या तिन्ही वेळी ती स्टेडियममध्ये नव्हतीच. फिलाडेल्फियाविरुद्धच्या पराभवावेळी तर ती दौऱ्यावर ब्राझीलमध्ये होती.

केल्सीबद्दलचा गंभीर प्रश्न वेगळा होता, तो वयाचा. ऑक्टोबरमध्ये तो ३४ वर्षांचा झाला. २०१६ ते २०२२ असे सलग सात हंगाम त्याने हजारपेक्षा जास्त यार्डांचे पास झेलले होते. २०२३ मध्ये तो ९८४ वर थांबला. घट होती, पण ऑफेन्स कोसळावा एवढी नव्हती.

नॅगी की महोम्स?

दुसरा आरोपी मॅट नॅगी. २०१८ पासून ऑफेन्सचे समन्वयक असलेले एरिक बिएनेमी फेब्रुवारी २०२३ मध्ये वॉशिंग्टनला गेले आणि त्यांच्या जागी नॅगी आले. नॅगी याआधी शिकागोचे मुख्य प्रशिक्षक होते. तिथून त्यांना काढलेलं असल्यामुळे दोष द्यायला ते सोयीचेच होते. बदल झाला आणि लगेच घसरण झाली, तेव्हा संशय येणं साहजिक आहे. पण चीफ्समध्ये कोणती चाल खेळायची हे प्रामुख्याने मुख्य प्रशिक्षक अँडी रीड ठरवतात. बिएनेमी असतानाही तेच ठरवत. शिवाय बिएनेमींसह वॉशिंग्टनने त्या हंगामात १७ पैकी फक्त चार सामने जिंकले. बिएनेमी कडक शिस्तीचे, ते असते तर एवढा ढिसाळपणा झाला नसता, असं म्हणणारे होते. हा मुद्दा खोडणं अवघड आहे, पण सिद्ध करणंही तेवढंच अवघड.

महोम्सचे आकडेही घसरले होते. ५,२५० यार्डांवरून ४,१८३, टचडाऊन पास ४१ वरून २७. इंटरसेप्शन १४, तोवरच्या कारकिर्दीतले सर्वाधिक. एका पासमागे सरासरी ८.१ यार्ड मिळत होते, ते ७ वर आले. याचा एक धागा बराच मागे जातो. त्याच्या लांब पासांनी हैराण झालेल्या संघांनी काही वर्षांपासून दोन बचावपटू अगदी मागे ठेवायला सुरुवात केली होती. डोक्यावरून चेंडू जाऊ द्यायचा नाही, समोर झालेले छोटे पास चालतील, असं हे गणित. अशा बचावासमोर टचडाऊनपर्यंत पोहोचायला दहा-बारा चाली लागतात. चाली वाढल्या की चुकीला जागाही वाढते. एक झेल सुटला किंवा एक पेनल्टी झाली की सगळी मेहनत पाण्यात.

पेनल्टींचीही कमी नव्हती. बंगळुरूच्या ट्रॅफिक पोलिसालाही कंटाळा येईल इतक्या वेळा पंचांचा पिवळा रुमाल जॉवान टेलरवर पडला. मोठ्या करारावर आणलेला हा राइट टॅकल त्या हंगामात लीगमधला सर्वाधिक पेनल्टी झालेला खेळाडू ठरला.

निसटलेले झेल

आता मुख्य मुद्दा. हंगामाचा पहिलाच सामना, ७ सप्टेंबर, डेट्रॉइट लायन्सविरुद्ध. गुडघ्याच्या दुखापतीमुळे केल्सी बाहेर होता. महोम्सचा एक साधा पास रिसीव्हर कडेरियस टोनीच्या हातातून उडाला, लायन्सच्या ब्रायन ब्रँचने तो पकडला आणि ५० यार्ड धावत जाऊन टचडाऊन केला. चीफ्स २१-२० असे एका गुणाने हरले.

२० नोव्हेंबर, फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध. चीफ्स चार गुणांनी मागे, दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला. महोम्सने लांबलचक पास टाकला. मार्केझ वाल्डेस-स्कँटलिंग बचावपटूंच्या पुढे निघून गेला होता आणि चेंडू नेमका त्याच्या हातांवर आला. तो सुटला. निकाल २१-१७. अर्थात त्याच सामन्यात महोम्सने एंड झोनमध्ये इंटरसेप्शन दिलं होतं आणि केल्सीनेही गोलरेषेजवळ चेंडू गमावला होता. ते दोघं बचावले, कारण शेवटची चूक लोकांच्या जास्त लक्षात राहते.

१० डिसेंबर, बफलो बिल्सविरुद्ध. तीन गुणांनी मागे असताना केल्सीने पास झेलला आणि धावता धावता चेंडू मागे टोनीकडे फेकला. टोनी धावत सुटला, टचडाऊन झाला, स्टेडियम डोक्यावर घेतलं गेलं. पण चाल सुरू होताना टोनीचा पाय रेषेच्या पुढे होता. ऑफसाइड. टचडाऊन रद्द आणि सामना २०-१७ ने गेला. महोम्स पंचांवर भडकला, नंतर त्याने आपल्या वागण्याबद्दल खेदही व्यक्त केला. पंचांचा निर्णय बरोबर होता. पुढच्याच आठवड्यात न्यू इंग्लंडविरुद्ध टोनीच्या हातावरून उडालेल्या आणखी एका पासचं इंटरसेप्शन झालं. त्यानंतर तो त्या हंगामात खेळलाच नाही.

टोनीच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. जुलैमध्ये गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्यामुळे त्याचा सराव बुडाला होता. त्याआधीच्या सुपर बोलमध्ये त्याने टचडाऊन केला होता आणि त्या स्पर्धेच्या इतिहासातला सर्वांत लांब, ६५ यार्डांचा पंट रिटर्नही. सगळं खापर त्याच्यावर फुटलं, पण संघाने त्याच्यावर एवढं अवलंबून का राहावं, हा प्रश्न उरतोच.

कारण मोजक्या झेलांपलीकडेही चित्र तेच आहे. रिसीव्हरांमध्ये सर्वाधिक ९३८ यार्ड मिळवले ते रशी राइस या नवख्याने. त्याच्या खालोखाल जस्टिन वॉटसन, ४६०. टोनी, वाल्डेस-स्कँटलिंग आणि स्काय मूर या तिघांची बेरीज ७२८ यार्ड. म्हणजे तिघं मिळूनही एका नवख्याएवढे भरत नव्हते.

पैसे गेले कुठे?

इथे अनेक चाहत्यांनी बोट ठेवलं ते मार्च २०२२ च्या एका सौद्यावर. लीगमधला बहुधा सर्वांत वेगवान रिसीव्हर टायरीक हिल याला चीफ्सने मायामी डॉल्फिन्सला देऊन टाकलं. बदल्यात ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडण्याचे पाच हक्क घेतले. एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. २०२३ मध्ये ती २२ कोटी ४८ लाख डॉलर होती. महोम्सचा करार दहा वर्षांचा आणि ४५ कोटी डॉलरचा. हिललाही त्याच्या मागणीप्रमाणे पैसे दिले असते, तर बाकीच्यांसाठी उरलं असतं फारच थोडं.

'हिल गेला आणि सगळं बिघडलं' हे मात्र अर्धवट उत्तर आहे. तो गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, २०२२ मध्ये, चीफ्स गुणांत पहिले होते आणि सुपर बोलही जिंकले होते. बिघडलं ते त्याच्या पुढच्या पायरीवर. २०२२ मध्ये ९३३ यार्ड मिळवणारा जुजू स्मिथ-शुस्टर न्यू इंग्लंडला गेला, मेकोल हार्डमन न्यूयॉर्क जेट्सला. त्यांची जागा टोनी आणि मूर भरून काढतील असा संघाचा हिशोब होता. मूर तर हिलच्या बदल्यात मिळालेल्या हक्काच्या साखळीतूनच आला होता. हिशोब चुकला. ऑक्टोबरमध्ये हार्डमनला परत आणावं लागलं, यातच सगळं आलं. तिकडे हिलने त्याच हंगामात लीगमध्ये सर्वाधिक १,७९९ यार्ड मिळवले.

पण सौद्याची दुसरी बाजू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती. हिलच्या बदल्यात मिळालेला पहिल्या फेरीचा हक्क आणि आणखी दोन हक्क न्यू इंग्लंडला देऊन चीफ्सने ड्राफ्टमध्ये वरचा, २१ वा क्रमांक मिळवला आणि ट्रेंट मॅकडफी हा बचावपटू घेतला. त्याच फेरीत जॉर्ज कार्लाफ्टिस आला. हे दोघं असलेल्या डिफेन्सने २०२३ मध्ये १७ सामन्यांत फक्त २९४ गुण दिले. लीगमध्ये त्यांच्यापेक्षा कमी गुण फक्त बाल्टिमोरने दिले.

५ नोव्हेंबरला जर्मनीत फ्रँकफर्टला चीफ्स आणि मायामी समोरासमोर आले. हिलने पास झेलला आणि मॅकडफीने त्याच्या हातातला चेंडू उडवला. चीफ्सच्या माइक एडवर्ड्सने तो उचलून ब्रायन कुककडे दिला आणि कुकने पळत जाऊन टचडाऊन केला. चीफ्स २१-१४ ने जिंकले. ऑफेन्सला ज्या सौद्याने अशक्त केलं, त्याच सौद्यातून आलेल्या खेळाडूने ती चेंडू उडवण्याची चाल केली होती. 'आपला ऑफेन्स का चालत नाही' या वादात डिफेन्सची बाजू फारशी कोणी काढत नव्हतं. वास्तविक दोन्हींचा पैसा एकाच पाकिटातून येतो.

मग जिंकले कसे?

प्लेऑफमध्ये चीफ्सने मायामीला उणे २० अंश सेल्सियस थंडीत २६-७ असं हरवलं, मग बफलोला २७-२४. बाल्टिमोरविरुद्ध दुसऱ्या हाफमध्ये त्यांना पुन्हा एकही गुण मिळाला नाही, तरी ते १७-१० ने जिंकले. त्या सामन्याच्या शेवटी विजय पक्का करणारा ३२ यार्डांचा झेल घेतला तो वाल्डेस-स्कँटलिंगने. ११ फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध हाफटाइमला चीफ्सच्या खात्यात तीनच गुण होते. सामना जादा वेळेत गेला आणि विजयी टचडाऊन परत आणलेल्या हार्डमनने केला. २५-२२.

काही दिवसांतच वाल्डेस-स्कँटलिंगला संघाने मोकळं केलं. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये चीफ्सने पहिल्याच फेरीत रिसीव्हर घेतला, ४० यार्ड ४.२१ सेकंदांत धावून विक्रम करणारा झेव्हियर वर्दी. पुढच्या हंगामात संघाने १७ पैकी १५ सामने जिंकले. गुणांची सरासरी होती २२.६, क्रमांक पुन्हा १५ वा, आणि चाहत्यांचा वादही पुन्हा तोच.