‘मूकबधिर’मधला मूक

‘बधिर’मधल्या ‘ध’चा प्राकृतात ‘ह’ झाला आणि आपल्याला ‘बहिरा’ मिळाला. ‘मूक’चा ‘मुका’ झाला. ही दोन विशेषणं एकाच माणसावर लादण्याची सवय फार जुनी आहे. अमरकोशात त्यासाठी ‘एडमूक’ हा शब्द सापडतो. ‘एड’ म्हणजे बहिरा आणि ‘एड’ म्हणजे मेंढाही. आपला ‘एडका’ त्याच कुळातला. मुक्या जनावरांच्या कळपाशी या माणसाची सोयरीक तेव्हापासूनची. कोशकाराने मात्र अर्थ देताना या माणसाला बोलण्या-ऐकण्याचं शिक्षण नाही, एवढंच म्हटलं. माझ्या मते तो सत्याच्या बराच जवळ पोचला होता.

कारण जन्मतः ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांचा कंठ धडधाकट असतो. ती हसतात, रडतात, ओरडतात. शब्द कानावर पडत नाहीत, म्हणून ते उच्चारायला शिकणं अवघड जातं, इतकंच. हातांची भाषा मिळाली की तीच मुलं भांडतात, चेष्टा करतात, गोष्टी सांगतात. त्यांना मूक कसं म्हणायचं?

या शब्दांनी माणसाचा हक्कही हिरावला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वारसा न मिळणाऱ्यांच्या यादीत जन्मतः बहिरे आणि मुके दोघेही आहेत. इंग्रजी न्यायालयांनी हा नियम चालू ठेवला. 1928च्या कायद्याने ‘दायभाग’ ही वारसापद्धती मानणारे सोडून इतर हिंदूंसाठी तो मोडला; 1956मध्ये तो सर्वांसाठीच गेला. 1872च्या पुरावा कायद्यात ‘मुके साक्षीदार’ असं कलमाचं शीर्षक होतं. ते 2013मध्ये बदलून ‘तोंडी संवाद साधू न शकणारा साक्षीदार’ असं झालं.

मुंबईत 1880च्या दशकात ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी शाळा निघाली, तिच्या इंग्रजी नावातही दोन्ही शब्द होते. पुढे गावोगावच्या पाट्यांवर ‘मूकबधिर विद्यालय’ आलं. आता ‘कर्णबधिर’ रुळला आहे. व्याकरणदृष्ट्या त्यातला ‘कर्ण’ जादाचा, कारण बधिरपणात कान आलेच. पण दंतवैद्याच्या सुईने हिरडीही बधिर होते अशा भाषेत तो खपून जातो, आणि त्याने ‘मूक’ला घराबाहेर काढलं हे त्याचं मोठं काम. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून आणि संस्थांच्या नोंदणीपत्रांतून ‘मूकबधिर’ अजून हललेला नाही. तो तिथूनही जायला हवा.