काहीच न करणारी सूचना

२०१० साली, पहिल्या नोकरीत, माझ्या वाट्याला सी भाषेतला एक जुनाट प्रोग्राम आला. त्यातला एक बग शोधताना मी जीडीबी हा डिबगर वापरायचो. डिबगर म्हणजे चालता प्रोग्राम मध्येच थांबवून आत डोकावू देणारं साधन. त्यात 'नेक्स्ट' अशी आज्ञा असते: ही ओळ पुरी कर आणि पुढच्या ओळीवर थांब. पण एका ठरावीक ओळीवर 'नेक्स्ट' दिलं की प्रोग्राम थांबायचाच नाही, सुसाट पळत सुटायचा. बग दिसायच्या जागी पोचायला लागलेली वीस मिनिटं पाण्यात.

शेजारचा सीनियर म्हणाला, "तिथे नेक्स्ट नको देऊस. तिथे तो पळतोच." का पळतो, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. अमुक वळणावर रात्री गाडी थांबवू नये म्हणतात, तसलाच हा सल्ला. मी तो मुकाट पाळला.

काही वर्षांनी नव्या मशीनवर त्याच ओळीवर चुकून 'नेक्स्ट' दिलं, आणि प्रोग्राम शहाण्यासारखा थांबला. आमच्या कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नव्हतं. मग बदललं कोण? याचा शोध घेताना मी जिथे पोचलो, तिथे एक अशी सूचना होती, जी काहीच करत नाही.

आधी तो का पळायचा ते सांगतो. सी भाषेत 'सेटजंप' आणि 'लाँगजंप' अशी जोडी आहे. सेटजंप म्हणतं, ही जागा लक्षात ठेव. पुढे फंक्शनच्या आत फंक्शन, त्याच्या आत आणखी एक, असं खोलवर गेल्यावर काही बिघडलं, तर लाँगजंप एका झटक्यात त्या जागी परत आणतं. सापशिडीतला साप समजा. 'नेक्स्ट' दिल्यावर डिबगर फंक्शनच्या नेहमीच्या दाराशी वाट बघत उभा राहतो, आणि प्रोग्राम सापाच्या तोंडातून भलतीकडेच उतरून निघून जातो.

जीडीबीला हे पूर्वीपासून माहीत होतं. लाँगजंप सुरू झालं की तो साठवलेला पत्ता वाचायचा आणि उडी जिथे पडणार तिथे आधीच जाऊन थांबायचा. पण हाच पत्ता हल्लेखोरांनाही हवा असतो: तो बदलला की प्रोग्राम त्यांच्या तालावर नाचतो. म्हणून २००५-०६च्या सुमारास लिनक्सवरच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीने तो पत्ता एका गुप्त, दर वेळी बदलणाऱ्या संख्येत मिसळून ठेवायला सुरुवात केली. चोरासाठी कुलूप लावलं आणि घरचा माणूसही बाहेर राहिला. माझी ती पळती ओळ याच काळातली होती.

प्रोग्रामच्या आत काय चाललंय हे बघायची धडपड मात्र फार जुनी आहे. केंब्रिजमधला एडसॅक हा संगणक मे १९४९मध्ये चालू झाला. पुढे आठवणी लिहिताना मॉरिस विल्क्स यांनी सांगितलं, की त्याच दिवसांत एकदा जिन्यात त्यांच्या लक्षात आलं, आपलं उरलेलं बरंचसं आयुष्य स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार आहे. १९५१मध्ये त्यांचे सहकारी स्टॅनली गिल यांनी एडसॅकवरच्या चुकांच्या निदानावर निबंध लिहिला. त्यातली एक युक्ती अशी: आपला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामच्या देखरेखीखाली एकेक सूचना करत चालवायचा आणि प्रत्येक पावलाची खूण कागदावर छापायची. सगळं दिसायचं, पण वेग पार मंदावायचा.

पुढची कित्येक दशकं हाच पेच राहिला. बघायचं तर थांबवा, नाहीतर हळू करा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६मध्ये लिहिलेला जीडीबी थांबवणाऱ्यांपैकी. तो सूचनेच्या जागी 'इथे थांब' असा एक बाइट घुसवतो. पण काही बग बघायला गेलं की लपतात. जिम ग्रे यांनी १९८५च्या आपल्या अहवालात अशांसाठी 'हायझेनबग' हा शब्द वापरला. प्रिंटची एक ओळ टाकली आणि बग गायब झाला, हा अनुभव कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येतोच.

वळण आलं सन मायक्रोसिस्टम्समध्ये. डिसेंबर १९९७मध्ये त्यांचं ६४ प्रोसेसरचं नवंकोरं मशीन एका चाचणीत अधूनमधून रांगायला लागे. ब्रायन कँट्रिल आणि सहकारी कित्येक दिवस ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात शोधत राहिले. शेवटी कारण निघालं क्षुल्लक: एका मशीनची सेटिंग चुकली होती आणि ते राउटरचं काम करत बसलं होतं. चालत्या यंत्रणेला धक्का न लावता प्रश्न विचारायची सोय हवी, हे तिथे पक्कं झालं. कँट्रिल, माइक शापिरो आणि ॲडम लेव्हेंथल यांनी घडवलेलं डीट्रेस २००५च्या जानेवारीत सोलारिस १०मधून लोकांपर्यंत पोचलं.

डीट्रेस बहुतेक ठिकाणी आपणहून डोकावतं. पण त्यात आणखी एक सोय होती, स्टॅटिक प्रोबची. इथे प्रोग्राम लिहिणाराच महत्त्वाच्या जागी खूण ठेवतो: 'इथे व्यवहार सुरू होतो', 'इथे कुलूप मिळालं'. फंक्शनची नावं आणि ओळींचे आकडे दर आवृत्तीत बदलतात. खुणेचं नाव हा मात्र लेखकाने दिलेला शब्द असतो, आतलं कोड बदललं तरी तो पाळायचा.

लिनक्सवर हेच काम सिस्टमटॅपने केलं, तेही डीट्रेसच्याच पद्धतीने खुणा लिहू देऊन. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमधल्या त्याच खुणा त्यामुळे दोन्हीकडे चालल्या. खूण म्हणजे प्रत्यक्षात काय? एक 'नॉप'. प्रोसेसरला दिलेली सूचना: काही करू नकोस, पुढे हो. इंटेलच्या प्रोसेसरवर ती अवघ्या एका बाइटची असते. सोबत फाइलच्या एका कोपऱ्यात टीप लिहिलेली असते: अमुक पत्त्यावर अमुक नावाची खूण आहे, आणि तिथली माहिती अमुक रजिस्टरमध्ये सापडेल. कोणी बघत नसेल तेव्हा ती जवळपास फुकट असते. बघायचं असेल तेव्हा डिबगर त्या नॉपच्या जागी आपला थांबा बसवतो.

ऑगस्ट २०१२मध्ये जीडीबीची ७.५ ही आवृत्ती या टिपा वाचायला शिकली. जीलिबसीच्या लोकांनी लाँगजंपमध्ये खूण ठेवली होती, बरोबर त्या जागी जिथे लपवलेला पत्ता उलगडलेला असतो आणि उडी अजून पडायची असते. जीडीबी तिथे थांबतो, खरा पत्ता विचारून घेतो आणि पुढे जाऊन उभा राहतो. साठवलेल्या पत्त्याचं कुलूप जसंच्या तसं राहिलं. ज्याला आतलं ठाऊक होतं, त्याने कुठे उभं राहायचं तेवढं सांगून ठेवलं. माझी ओळ थांबली ती यामुळे.

या सगळ्याला एक मर्यादाही आहे. खूण तिथेच असते जिथे कुणाला ती ठेवावीशी वाटली. उद्याचा बग कुठे येणार हे आज कळत नाही, त्यामुळे स्टॅटिक प्रोब सगळ्यावर उपाय नाही. पण कोणत्या जागेला महत्त्व आहे, हे लिहिणाऱ्याला लिहिताना जेवढं माहीत असतं, तेवढं नंतर येणाऱ्या कुणालाच नसतं. तेवढं त्याने सांगून जावं, इतकीच अपेक्षा. मला 'तिथे नेक्स्ट नको' असं सांगणारा सीनियरही हेच करत होता. फक्त त्याची खूण तोंडी होती, आणि तो नोकरी सोडून गेला तेव्हा तीही त्याच्याबरोबर गेली.

आता मी माझ्या कोडमध्ये मोजक्या खुणा ठेवतो. मध्यंतरी रिव्ह्यूमध्ये टीममधल्या एका नव्या मुलीने विचारलं, "ही ओळ नक्की करते काय रे?"

"काहीच नाही."

"मग काढून टाकू?"

मी तिला जीडीबी उघडायला सांगितलं आणि 'इन्फो प्रोब्ज' टाइप करायला लावलं. पडद्यावर लांबलचक यादी आली: सेटजंप, लाँगजंप, मेमरीच्या खुणा, सी प्लस प्लसमधले थ्रो आणि कॅच. आम्ही कधी न भेटलेल्या माणसांनी ठेवलेल्या. ती यादी खाली सरकवत गेली, आणि आमच्या प्रोग्रामच्या तीन ओळी दिसल्यावर थांबली.

"राहू दे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने स्वतःच्या कोडमध्ये चौथी टाकली.