इंटरनेट दूरध्वनी सर्व्हर : घंटा वाजते, आवाज का येत नाही?

इंटरनेटवरून दूरध्वनी जोडणाऱ्या सर्व्हरला आज दोन पत्ताप्रणाली सांभाळाव्या लागतात. ३२ बिटांच्या ‘आयपीव्ही४’मध्ये सुमारे ४३० कोटी पत्ते मावतात, त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. ‘आयपीव्ही६’चा पत्ता १२८ बिटांचा असतो. या दोन प्रणालींना परस्परांशी थेट संवाद साधता येत नाही. भारतात मोबाइलधारक मोठ्या प्रमाणावर नव्या प्रणालीवर आहेत, तर कार्यालयांतील अनेक जुने फोन संच केवळ जुनीच ओळखतात.

‘अ‍ॅस्टरिस्क’ या मुक्तस्रोत सर्व्हरच्या ‘पीजेसिप’ घटकात दोन्हींसाठी स्वतंत्र ‘ट्रान्सपोर्ट’ नोंदवावा लागतो : एक ०.०.०.० या पत्त्यावर, दुसरा [::] वर. घोटाळा बहुधा यानंतर होतो. कॉल जुळवणारा संदेश ‘सिप’ नियमावलीने जातो, आवाज मात्र वेगळ्या प्रवाहातून. त्याचा पत्ता संदेशाच्या आतील ‘एसडीपी’ मजकुरात लिहिलेला असतो. हा पत्ता समोरच्या फोनला न कळणाऱ्या प्रणालीतील असल्यास घंटा वाजते, फोन उचलला जातो, पण आवाज पोहोचत नाही. रुग्णालयासारख्या ठिकाणी असा मुका कॉल न लागलेल्या कॉलपेक्षा घातक ठरतो, कारण सर्व्हरच्या नोंदीत तो यशस्वी दिसतो.

उपाय म्हणजे ध्वनिप्रवाह सर्व्हरमार्फतच नेणे; दोन्ही बाजूंशी त्यांच्या त्यांच्या प्रणालीत सर्व्हरच बोलतो. फायरवॉलमध्ये ‘आयपीव्ही६’चे नियमही लिहावे लागतात. अनेकदा तेच राहून जातात.